अर्ध्या हळकुंडाने पिवळे कसे व्हावे?

तुमच्या ओळखीत आता एक तरी गृहस्थ पुएरवाला झालेला असेल. नसेल तर येत्या दिवाळीपर्यंत होईल. पुएर हा चीनच्या युन्नान प्रांतातला चहा. पानं दाबून त्याची वाटोळी चपटी वडी करतात, वजन ३५७ ग्रॅम. अशा सात-सात वड्या एकत्र बांधून वर्षानुवर्षं ठेवून देतात, आणि जितकी जुनी तितकी महाग. पुएरवाला तुम्हाला घरी बोलावतो, भातुकलीतल्या कपात काळपट पाणी ओततो, पहिलं पाणी तर तुमच्यादेखत फेकूनच देतो, आणि दुसऱ्या घोटाला डोळे मिटून म्हणतो, ‘गोदाम लागतंय जिभेला.’ तुम्ही मान डोलावता. बाहेर पडून कोपऱ्यावर आलं घातलेला कटिंग मारता, तेव्हा कुठं जिवात जीव येतो.

पण झाला तो अपमान झालाच. सातारा-सांगलीकडच्या माणसानं दुसऱ्याच्या गोदामाची चव घेऊन गप्प बसावं, हे काही बरं नव्हे. पलूसला वाइन पार्क काढून आपण द्राक्षांच्या वाटेनं जाऊन पाहिलं. ग्लासात नाक घालायची सवय या मातीत फारशी रुजली नाही. म्हणून या मार्गदर्शिकेत घरचाच माल घेतला आहे: हळद. तीही बरणीतली नव्हे, हरिपूरच्या पेवातली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातली, जुनी. वर्षानुवर्षं अंधारात ठेवलेली, वयावर भाव खाणारी, आणि जिच्याबद्दल तुम्ही काहीही बोललात तरी समोरच्याला खोडता येणार नाही अशी वस्तू दाराशी असताना युन्नानला जायचं कशाला?

पायऱ्या क्रमानं चढा. मधल्या दोन-तीन गाळल्यात तरी चालेल. नावाजलेल्या जाणकारांनी याहून जास्त गाळलेल्या आहेत.

१. पीक समजून घ्या, म्हणजे पुढं विसरायला सोपं जाईल.

हळद मे-जूनला लावतात आणि आठ-नऊ महिन्यांनी पाला वाळला की काढतात. ओली हळद शिजवतात. पूर्वी काहिलीत, आता बहुतेक ठिकाणी वाफेच्या कुकरमध्ये. मग दहा-पंधरा दिवस ऊन द्यायचं, आणि ड्रममध्ये फिरवून वरची साल-मुळं घासून काढायची. त्याला पॉलिश म्हणतात. लांब बोटं ती हळकुंडं, मधला गोल तो गड्डा, मोडकंतोडकं उरलं ती कणी. जातींमध्ये राजापुरी आपली, सेलम दक्षिणेकडची, आणि कसब्या डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रानं दिलेली फुले स्वरूपा. एवढं पाठ करा आणि कोणालाही सांगू नका. जाणकार माणूस पीक पिकवण्याबद्दल बोलत नसतो. ते शेतकऱ्याचं काम, आणि शेतकऱ्याला चव घ्यायला बोलावण्याची पद्धत नाही.

इथं एक अडचण आहे, ती आताच सांगून टाकलेली बरी. पुएर खरोखर आंबतो. कच्चा पुएर वडीतच सावकाश बदलत जातो. त्याला वीस-तीस वर्षं थांबायला वेळ कुणाला आहे, म्हणून १९७३ साली खुनमिंगच्या कारखान्यात दुसरी रीत बसवली: पानांचा ढीग घालायचा, पाणी मारायचं, वर कापड टाकायचं आणि दीड-दोन महिने तो आतून तापू द्यायचा. आपल्या उकिरड्याचंच शास्त्र, फक्त नीट सांभाळलेलं.

हळदीचं असं काही नाही. ती शिजलेली असते, कडक वाळलेली असते. पेवात हवा नाही, उजेड नाही. किडा जगत नाही, रंग उडत नाही. पेवाची सगळी थोरवी हीच, की तिथं काही म्हणजे काही घडत नाही. आज टाकलेली हळद चार वर्षांनी जवळपास तशीच वर यावी, एवढ्यासाठी तर तो खटाटोप.

आता जरा विचार करा. चार-चार वर्षं हळद जमिनीखाली कोण ठेवेल? ज्याला भाव मिळाला तो विकून मोकळा झाला. उरला तो, ज्याचा अंदाज चुकला. ‘औंदा पडलाय, पुढच्या साली चढंल’ म्हणत जो थांबला, त्याची हळद जुनी झाली. म्हणजे अमुक सालची हळद हे त्या सालच्या मंदीचं स्मारक. हाँगकाँगच्या चहाघरांच्या दमट गोदामांत पडून राहिलेल्या वड्यांचंही हेच झालं. तैवानचे शौकीन येईपर्यंत तो पडीक माल होता. ते आले आणि त्याचा वारसा झाला. व्यापाऱ्याच्या फसलेल्या अंदाजाला वय म्हणायचं, ही या विद्येची पहिली पायरी आणि खरं म्हणजे शेवटचीही. पुढच्या पायऱ्या तुमच्या समाधानासाठी दिल्या आहेत.

२. हरिपूरला जाऊन या.

निदान जाऊन आल्यासारखं बोलता आलं पाहिजे. सांगलीला लागूनच गाव आहे. कृष्णा-वारणेचा संगम, काठावर संगमेश्वराचं देऊळ. इथल्या मातीचा गुणच असा की खोल खड्डा घेतला तरी कड ढासळत नाही आणि आत पाणी पाझरत नाही. तेव्हा वीस-पंचवीस फूट खाली जायचं. तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं, पोट मात्र सुटलेलं. आतून सारवायचं, बुडाला आणि कडेनं पाचट-गवताचा जाड थर द्यायचा, हळद भरायची, वर पुन्हा पाला, तोंडावर फरशी आणि फरशीवर माती. झाकलेल्या पेवावरून तुम्ही चालत गेलात तरी पायाखाली काय आहे ते कळू नये.

पेव उघडायचं तेव्हा घाई चालत नसे. तोंड मोकळं करून काही तास नुसतं थांबायचं. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर वर ओढायचा, पुन्हा थांबायचं. जळत राहिला तर हमाल उतरायचा.

ही हकिगत तुम्ही बैठकीत जरूर सांगा, पण कंदिलापर्यंतच. कंदिलामागून दोरीला धरून उतरलेला, गुडघाभर हळदीत उभा राहून पाट्या भरणारा माणूस त्यात आणू नका. पेवातल्या हवेचा त्याच्याइतका अनुभव कुणाच्याच नाकाला नाही, तरी त्याला आजवर कोणी ‘काय काय सूर लागले?’ असं विचारलेलं नाही. विचारलंत तर ‘डोकं गरगरतंय’ एवढंच म्हणेल, आणि ते तुमच्या वहीत बसायचं नाही.

यानंतर पुराचा विषय काढा आणि किंचित थांबा. २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी हरिपुरात शिरलं आणि भरलेली पेवं हळदीसकट गेली. २०१९ ला तर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर चढलं. आता माल गोदामात आणि शीतगृहात राहतो. पेवं बहुतेक बुजली.

नवशिक्यानं याचं फार मनाला लावून घेऊ नये. ज्यांचं नुकसान झालं त्यांचं झालं. तुमच्या दृष्टीनं ही मोठी सोय आहे. शेजारी एखादं भरलं पेव असतं तर कुणीतरी त्यातली मूठभर हळद आणून तुमच्या ताटलीशेजारी ठेवली असती. आता ताडून बघायला काही शिल्लक नाही, त्यामुळे जाणकार वाढायला मोकळे. ‘आमच्याकडची पेवातलीच आहे’ असं म्हणणाऱ्या सगळ्यांची हळद खरोखर पेवातली असती, तर हरिपूर आतून पोकळ होऊन कधीच संगमात बसलं असतं.

जाता जाता गोविंद बल्लाळ देवलांना नमस्कार करा. ते याच गावचे. जुन्या मालाला हळद लावून नवा म्हणून उभा करायचा उद्योग त्यांनी ‘संगीत शारदा’त १८९९ सालीच रंगभूमीवर आणला, तिथं माल म्हणजे म्हातारा भुजंगनाथ होता, आणि बेत फसला. तुमचं काम त्याच्या उलट आहे, नव्याला जुनं म्हणून उभं करायचं. हे क्वचितच फसतं.

३. बोलायला शिका.

‘पिवळी’ हा शब्द आजपासून बंद. पिवळी तुरीची डाळही असते. ‘गाभा राखलाय’ म्हणा. ‘अंगात ऊन आहे’ म्हणा. काहीच सुचलं नाही तर हळकुंड खाली ठेवून ‘अजून बोलत नाही ही’ असं म्हणा. यात दोष हळदीकडे जातो. कुणी फारच खोलात शिरला तर हे वाक्य राखून ठेवा: ‘चांगली आहे, पण संगमाच्या अलीकडची वाटते.’ अलीकडची म्हणजे कुठल्या काठाची, हे विचारायची हिंमत सहसा कोणी करत नाही.

सातारकरांसाठी जोडटीप. वाईकडेही हळद होते. सांगलीकर पेवाचं सांगायला लागला की शांतपणे म्हणा, ‘कृष्णा आमच्याकडून तुमच्याकडं येते.’ यापुढं काही सिद्ध करावं लागत नाही. वाईकरांना आणखी एक सवलत आहे: गावात विश्वकोशाचं कार्यालय असल्यामुळं ‘नोंद पाहिलीय मी’ एवढं म्हटलं तरी पुरतं. कुठली नोंद, ते सांगायचं नाही.

४. मार्केट यार्डात सौदा बघा. पांढरा शर्ट घाला.

नवखे म्हणून ओळखू येऊ ही भीती सोडा. डाग पडलेला शर्ट हेच पुढं प्रमाणपत्र होतं. (डाग काढायची रीत शेवटच्या पायरीत आहे.)

हंगामात सकाळी सांगलीच्या यार्डात गेलात तर नाकातोंडात आधी धूळ जाते, मग हळद दिसते. अडत्या पुढं, खरेदीदार त्याच्याभोवती, आणि सगळा घोळका ढिगावरून ढिगावर सरकत असतो. त्यातल्या एका जुन्या खरेदीदारावर नजर ठेवा. तो वाकतो. मूठभर उचलतो. तळहातावर जरा खेळवतो, म्हणजे वजन हाताला कळतं. दोन हळकुंडं एकमेकांवर आपटतो. एक मोडतो, मोड डोळ्यांजवळ नेतो, नाकाशी नेतो, टाकून देतो आणि भाव बोलतो. दहा सेकंद झाले असतील-नसतील.

त्या दहा सेकंदांत त्यानं काय पाहिलं? नीट शिजून वाळलेलं हळकुंड मोडताना खट्ट आवाज देतं, धातू तुटावा तसा. ओल राहिली असेल तर आधी वाकतं, मग कुरकुरत तुटतं. मोड सगळीकडं सारखा केशरी आणि तुकतुकीत असला तर शिजवण सारखी झाली. मधे फिक्कट गाभा राहिला तर कच्ची. वरची चकाकी पॉलिशची, तिच्यावर तो जात नाही. वरून देखणं पण आतून मातकट निघालेलं हळकुंड तो असं फेकतो की शेतकऱ्याला भाव ऐकायच्या आधीच कळतो.

हे अस्सल ज्ञान आहे, आणि म्हणूनच तुमच्या कामाचं नाही. एक तर ते यायला अर्धं आयुष्य जातं. दुसरं म्हणजे ते दहा सेकंदांत संपतं, आणि दहा सेकंदांत संपणाऱ्या गोष्टीची कार्यशाळा घेता येत नाही. तुम्ही हेच सगळं करा, पण वीस मिनिटं लावा. हळकुंड उजेडात धरा, मग सावलीत धरा. मोडण्याआधी सगळ्यांकडं एकदा बघून घ्या. खट्ट वाजलं की ‘ऐकलंत?’ असं विचारा. ऐकू न आलेला माणूस पहिल्यांदा मान डोलावतो.

बाजार समित्या येण्याआधी सौदे रुमालाखाली होत. अडत्या आणि खरेदीदार कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत, त्याला हत्ता म्हणत. माल ज्याचा, तो शेतकरी हातभर अंतरावर उभा असायचा आणि आपल्याच हळदीचा काय भाव चाललाय हे त्याला कळत नसे. आता लिलाव उघड आहे. जाणकारांच्या बैठकीत मात्र रुमाल अजून आहे. फक्त कापड वापरत नाहीत, शब्द वापरतात.

५. रंगाची परीक्षा घ्या, पण घरात, दार लावून.

हळद चुन्याच्या निवळीत कालवली की लालभडक होते. हळदीचं कुंकू असंच करतात. हे चारचौघांत करू नका. लाल झाली म्हणजे ती हळद आहे एवढंच ठरतं. जुनी की नवी ते ठरत नाही, आणि तुमचं सगळं दुकान ‘जुनी’वर आहे.

डोळ्यांत भरेल अशी पिवळीधमक पूड दिसली तर मात्र हात मागं घ्या. तिच्यात मेटॅनिल येलो नावाचा कापडाचा रंग असू शकतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे लेड क्रोमेट. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली बांगलादेशातल्या लोकांच्या रक्तातल्या शिशाचा माग थेट हळदीपर्यंत नेऊन दाखवला. हा या लेखातला खरा सल्ला. अनवधानानं पडला, पुन्हा होणार नाही.

भोकांबद्दल: पुएरच्या वेष्टणाला किड्यानं पाडलेली भोकं ही वयाची खूण म्हणून कौतुकानं दाखवतात. हळदीत भोक दिसलं तर माल किडलेला आहे. तुम्ही कौतुकानंच दाखवा.

६. कागद जमवा.

पुएरच्या वडीत कारखान्याची चिठ्ठी दाबून बसवलेली असते, बाहेर छापील वेष्टण असतं, आणि वेष्टणाचीही नक्कल होते. वडीला ७५४२ सारखे आकडे असतात: पहिले दोन कृती बसवल्याचं साल, तिसरा पानाची प्रत, चौथा कारखाना. नवखे ७५ म्हणजे चहा १९७५ चा समजतात आणि पैसे मोजतात. तुम्हालाही असा एखादा आकडा लागेल. काहीही घ्या, घरचा पिनकोडही गंभीर दिसतो.

कागदाचं महत्त्व पटत नसेल तर हे आठवा. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोघांना ‘हळदीनं जखम भरते’ यावर पेटंट मिळालं. आपल्याकडं बोट कापलं की स्वयंपाकघरातनं जी पहिली हाक ऐकू येते, तिचंच पेटंट. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. पण कशाच्या जोरावर? देशातल्या एकूण एक आज्या साक्षीला तयार असत्या, तरी आजी हा पुरावा धरत नाहीत. जुने संस्कृत ग्रंथ काढावे लागले, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा निबंध काढावा लागला. तेव्हा तुमच्याकडंही कागद हवा. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याची झेरॉक्स चौकटीत लावा. सांगलीच्या बाजारात विकली जाणारी बरीच हळद हिंगोली-नांदेडकडून, कर्नाटकातून, तेलंगणातून येते, हा तपशील चौकटीच्या मागच्या बाजूला.

७. आता चव.

हळद चघळू नका. दोन मिनिटांत दात असे दिसतात की पुढं कोणी तुमचं म्हणणं मनावर घेत नाही. दुधातून घ्या. पाव कप दूध, चिमूटभर हळद, मिऱ्याचा एक दाणा ठेचून, आणि थेंबभर तूप. हळदीला रंग देणारं कर्क्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. आणि मिऱ्यातल्या पिपेरीनमुळं ते अंगी लागण्याचं प्रमाण वीस पटींनी वाढतं, असं बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली छापलं. तुम्हाला लहानपणी खोकला झाला की हेच दूध नाक दाबून पाजायचे. परदेशात ते आता गोल्डन लाटे म्हणून मोठ्या ग्लासात मिळतं, आणि नाक दाबायला कोणी नसतं.

घोट तोंडात फिरवा, आवाज करत हवा ओढा (घरात लहान मुलं असतील तर त्यांना आधी बाहेर पाठवा), आणि वहीत नोंद करा. नमुना देत आहे, गरजेप्रमाणं बदलून वापरावा:

‘सुरुवातीला पाचट. मग संगमाची गाळमाती. मधे क्षणभर ताग, बहुधा पोत्याचा. घशाशी हलकी उष्णता, आणि उतरता उतरता बाहत्तरचा दुष्काळ.’

डोळे बांधून चव घेण्याचा प्रस्ताव कुणी मांडला तर हसून म्हणा, ‘पारख डोळ्यांनीच होते.’ दोन सारख्या वाट्यांतली जुनी कुठली आणि किराणा दुकानातली कुठली, हे ओळखण्याचा खेळ कोणत्याही परिस्थितीत खेळू नका. त्यात चांगले चांगले बुडाले आहेत; वाइनवाले तर सगळ्यात आधी.

८. काही माणसं टाळा.

कसब्या डिग्रजच्या केंद्रातला माणूस. तो ‘कर्क्युमिन किती टक्के?’ विचारतो, आणि त्याच्याकडं मोजायचं यंत्र असतं. त्यातनं मेघालयाच्या लाकाडोंग हळदीचं कर्क्युमिन सात टक्क्यांच्या आसपास भरतं, हा विषय निघाला तर तुमचं संगम-माहात्म्य तिथंच आटोपतं. म्हणा, ‘आकड्यात हळद मावत नाही,’ आणि निघा.

आज्जी. तिला तुम्ही हळकुंड दाखवून पेव, कंदील, गाभा सगळं सांगाल. ती ऐकून घेईल. मग हळकुंड हातात घेईल, नखानं खरवडेल आणि म्हणेल, ‘हळद हाय व्हय? मग भाजीत घाल की.’ यावर उतारा नाही.

आणि यार्डातला हमाल. तो तुमच्या ‘पेवातल्या’ नमुन्याकडं लांबूनच बघून सांगतो, ‘सेलम हाय, औंदाची. वाळल्याली न्हाई नीट.’ त्याच्याशी वाद घालू नका. ‘दादा, घाईत आहे’ म्हणा आणि खरोखर घाईत निघा.

९. भाव सांगा. विकायचं नंतर.

दर हंगामात मुहूर्ताचा सौदा निघतो. पहिल्या ढिगाला हार घालतात, नारळ फोडतात, आणि कौतुकानं असा भाव बोलतात की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तो मथळ्यात येतो. त्या दिवशी हळद घरात ठेवलेले सगळे जण मनातल्या मनात श्रीमंत होतात. पुढच्या आठवड्यात पट्टी हातात पडते तेव्हा बातमी येत नाही. जाणकारानं कायम मुहूर्ताचाच भाव सांगावा. तो खोटा नसतो. फक्त एकाच ढिगाचा असतो.

गुंतवणुकीचं कुणी विचारलं तर सांभाळून. २००७ च्या वसंतात चीनमध्ये पुएरचे भाव इतके चढले की चहा न पिणाऱ्यांनीही वड्या भरून ठेवल्या, आणि त्याच वर्षी भाव कोसळले. हळद २०२३ मध्ये काही महिन्यांत दुपटीच्या पुढं गेली. मिरचीचा व्यापारी, सोन्याचा व्यापारी, निवृत्त शिक्षक, सगळ्यांनाच हळदीची पारख आली. अशा साली आपलं मत कुणाला देऊ नये, कारण लोक ते ऐकून खरेदी करतात आणि पुढच्या साली पत्ता शोधत येतात. भाव पडला तर मात्र निर्धास्त राहा. न विकलेली सगळी हळद आपोआप जुनी होते, आणि पहिल्या पायरीपासून तुम्ही पुन्हा सुरू करू शकता.

१०. शर्टाचे डाग.

साबण लावू नका. साबण क्षाराचा असतो, चुन्यासारखाच. डाग लाल होतो आणि घरी वेगळीच शंका येते. साध्या पाण्यात खळबळून शर्ट कडक उन्हात घाला. कर्क्युमिनला उजेड सोसत नाही, दिवस-दोन दिवसांत डाग फिका पडतो, वाईच्या घाटावर असो की सांगलीच्या गच्चीवर. हे शास्त्र पक्कं ध्यानात ठेवा. म्हणजे एखादं चौकस गिऱ्हाईक तुमची ‘पेवातली’ पूड नीट बघण्यासाठी खिडकीकडं निघालं, की त्याच्या आधी तिथं पोचून ‘माल नाजूक आहे’ म्हणत पडदा ओढता येतो.